घोडदौडीच्या इतिहासातील विसरलेला माणूस : नालबंद
#थ्रेड #इतिहास #खानदेश

१.
मराठ्यांच्या घोडदळावर आपण सारेच भरभरून लिहितो. तलवारी, भाले, गनिमी कावा, एका रात्रीत तोडलेली मजल या सर्वांवर लेखमाला होतात. आजच्या या धाग्यात मी त्या घोडदळाच्या सर्वांत खालच्या भागाविषयी, म्हणजे घोड्याच्या खुराविषयी लिहिणार आहे. सोबत माझे एक मतही मांडणार आहे: ज्या इतिहासलेखनात नालबंदाला जागा नाही, ते घोडदळाचा इतिहास अर्धाच सांगते, आणि ज्या उत्सवाला घोड्याच्या खुराची चिंता नाही, त्याने परंपरेचे नाव घेऊ नये.

२.
प्रथम हा विषय डोक्यात कसा आला ते सांगतो. मी पिंपळनेरचा. गेल्या लग्नसराईत आमच्या गावी एक वरात निघाली होती. डांबरी रस्ता, कर्कश वाद्ये आणि मध्ये सजवलेली पांढरी घोडी. ती एकदा उजवा, एकदा डावा असे पुढचे पाय आळीपाळीने उचलत होती. मंडळी खूश होऊन ओरडत होती, "घोडी नाचतेय!" मीही भ्रमणध्वनी काढून चित्रण करू लागलो. शेजारी एक वृद्ध नालबंद उभे होते. सारा बाजार त्यांना चाचा म्हणतो. ते हळूच म्हणाले, "घोडी नाचत नही रे भाऊ, तिना पाय दुखस."

३.
ते वाक्य ऐकून मी चित्रण थांबवले. इतकी वर्षे घोडदळाविषयी वाचूनही मला नाचणारा पाय आणि दुखणारा पाय यांतला फरक कळला नव्हता. चाचांना तो एका दृष्टिक्षेपात कळला. पुढे अनेक सायंकाळी मी त्यांच्यापाशी बसलो, आणि मग परत जुन्या ग्रंथांकडे वळलो. या वेळी मात्र वाचताना नजर स्वाराकडे न जाता घोड्याच्या पायांकडे गेली.

४.
आधी शब्द पाहू. 'नाल' हा शब्द मुळात अरबी; अर्थ पादत्राण. त्याला फार्सी 'बंद' जोडून नालबंद, म्हणजे नाल बांधणारा. घोड्याच्या वैद्याला आपल्याकडे जुन्या काळी 'सालोत्री' म्हणत. तो शब्द अश्वशास्त्राचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून आला. म्हणजे एकाच पागेत संस्कृत परंपरेतला सालोत्री आणि अरबी-फार्सी परंपरेतला नालबंद एकाच घोड्याचा पाय हाती धरून बसत. दख्खनच्या इतिहासाचे स्वरूप समजून घ्यायला हे एक चित्र पुरेसे आहे.

५.
आता मुख्य पुरावा. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांचा एक हजारी. ही उतरंड आपण शाळेपासून पाठ करतो. पण त्याच ठिकाणी सभासद आणखी दोन माणसे सांगतो, आणि ती आपल्या पाठांतरातून नेमकी गळतात. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर. या दोन गोष्टींवाचून घोडा पुढे जात नाही, हे ज्याने ती रचना केली त्याला पक्के ठाऊक होते.

६.
पंचवीसच का? आपण हिशेब करून पाहू. हा हिशेब माझा आहे आणि मापे आजची आहेत. पंचवीस घोडे म्हणजे १०० खूर. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा बसवावी लागते. सहा आठवड्यांचे ४२ दिवस धरले, तर एका नालबंदाच्या वाट्याला दिवसाला दोन-तीन खूर येतात. दिवसभर कूच करून सायंकाळी तळ पडल्यावर एका माणसाने दोन-तीन खूर नीट करणे सहज शक्य आहे. कुणाची नाल निखळली, कुणाला खडा टोचला, यासाठीही वेळ उरतो.

७.
आता खिळे मोजा. एका नालेला सहा खिळे धरले तर १०० खुरांना ६००. सभासदाच्या वर्णनानुसार लष्कर दसऱ्याला बाहेर पडे, आठ महिने मुलूखगिरी करी आणि पावसाळ्याचे चार महिने छावणीत राही. आठ महिन्यांत सहा-सहा आठवड्यांच्या किमान पाच फेऱ्या होतात. म्हणजे पंचवीस घोड्यांच्या एका लहान तुकडीला चारही पायांच्या नालबंदीसाठी एका मोहिमेत ३,००० खिळे! हा लोखंडाचा, कोळशाचा आणि लोहाराच्या घामाचा इतिहास आहे. रणांगणावरचा पराक्रम याच पायावर उभा राहतो.

८.
आता भूगोल. आमचे पिंपळनेर पांझरेच्या काठी आहे. दक्षिणेला सेलबारीच्या डोंगररांगेपलीकडे बागलाण, मुल्हेर आणि साल्हेर. पश्चिमेला चरणमाळच्या घाटाने नवापूर, आणि तेथून सुरतेची वाट. उत्तरेला तापीची काळी, मऊ जमीन. म्हणजे दोन-तीन दिवसांच्या मजलेत घोड्याच्या पायाखालची भूमी चिकट काळ्या मातीपासून मुरूम आणि धारदार काळ्या दगडापर्यंत पालटते. पावसात खूर भिजून मऊ होतो, उन्हाळ्यात वाळून तडकतो, आणि या ओल्या-सुक्या फेऱ्यात खिळे सैल होतात. आमचा भाग घोड्याच्या खुराची खरी परीक्षा पाहतो.

९.
या भूमीवर काय घडले ते आठवा. ३ ऑक्टोबर १६७० रोजी शिवराय दुसऱ्यांदा सुरतेवर गेले. परतीच्या वाटेवर लष्कर मुल्हेरजवळून बागलाणातून गेले आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी लढाई झाली. पंधरवड्याच्या आत सुरत, घाट, डोंगर आणि युद्ध. तेही लुटीचे ओझे पाठीवर घेऊन. वर्षअखेरीस प्रतापराव गुजरांची फौज खानदेशातून वऱ्हाडात कारंज्यापर्यंत पोहोचली. आपण नकाशावर बाण काढतो आणि पुढे जातो. त्या बाणाच्या प्रत्येक कोसावर हजारो खूर दगडावर आपटत होते, हे मात्र विसरतो.

१०.
मग १६७२ ची साल्हेरची लढाई. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव यांनी मोगलांचा मोकळ्या मैदानात पराभव केला. सहा हजार घोडी हाती आल्याचे सभासद सांगतो. आकड्यात बखरकाराचा उत्साह असेलही. तो मान्य केला तरी एक प्रश्न विचारून पाहा. पंचवीसास एक या मापाने सहा हजार घोड्यांना २४० नालबंद लागतात. घोडी जिंकणे हे एका दिवसाचे काम. ती चालती ठेवणे हे पुढल्या प्रत्येक दिवसाचे काम. विजयानंतरच्या त्या दुसऱ्या दिवसाचा इतिहास आपण अजून लिहिलेला नाही.

११.
येथे थोडे थांबून खुराची रचना समजून घेऊ. खूर बाहेरून दगडासारखा दिसतो, पण तो आपल्या नखासारखा वाढणारा पदार्थ आहे. बाहेरची कडक भिंत भार पेलते. खाली किंचित खोलगट तळवा. मागच्या बाजूस मध्यभागी रबरासारखा त्रिकोणी भाग, जो धक्का शोषतो. भिंत आणि तळवा जिथे मिळतात तिथे एक फिकट रेघ दिसते. या रेघेच्या बाहेर संवेदना नाही, आत रक्त आणि नसा आहेत. नालबंदाचे सारे कौशल्य या एका रेघेवर तोललेले असते. खिळा बाहेर राहिला तर आधार, आत गेला तर यातना.

१२.
खूर दुखतो कशाने? टोकदार दगडाने तळवा आतून ठेचतो आणि कधी तिथे पू साचतो. खिळा फिकट रेघेला टेकला की दाब पडतो. पुढचा भाग वाढू दिला की चालण्यातला ताण मागच्या टाचांवर आणि स्नायुबंधांवर येतो. आणि सर्वांत भयंकर म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांचा दाह, ज्याला पशुवैद्यक लॅमिनायटिस म्हणतात. एकाएकी भरमसाट दाणा खाल्ल्याने किंवा कठीण जमिनीवर अतोनात दौडल्याने तो जडू शकतो. त्यात आतले हाड भिंतीपासून सुटून खाली सरकू लागते. अशा घोड्याला उभे राहणेही जड जाते.

१३.
ओळखायचे कसे? घोड्याच्या अंगाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून दुखणेही बहुधा तेथेच. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली झुकवतो. उभा असताना दुखरा पाय पुढे काढून ठेवतो. दोन्ही पाय दुखत असतील तर भार सारखा एका पायावरून दुसऱ्यावर टाकतो. आमच्या वरातीतली घोडी हेच करत होती. चाचा खुराला हात लावून उष्णता पाहतात, हातोडीने हलके ठोकतात, पकडीने कडेकडेने दाबत जातात. ज्या जागी घोडा पाय ओढून घेतो, तेथे दुखणे.

१४.
आता सुधारक नालबंदी. हे काम पाहणे हा एक धडाच आहे. प्रथम जुनी नाल काढायची, तीही एकेक खिळा सोडवून, ओढून नव्हे. मग खुराचा लांबलेला पुढचा भाग कमी करायचा आणि दोन्ही बाजू समतोल करायच्या. तळवा मात्र उगाच पातळ करायचा नाही, कारण तोच दगडापासूनचे संरक्षण आहे. यानंतर नाल खुराच्या मापाने वाकवायची. अडाणी कारागीर उलटे करतो: तयार नाल ठोकतो आणि बाहेर उरलेला खूर कानशीने घासून टाकतो. चाचा म्हणतात, नाल पायासाठी असते, पाय नालेसाठी नसतो.

१५.
दुखण्यानुसार नाल बदलते. तळवा ठेचलेला असेल तर रुंद पट्टीची नाल घेतात आणि तिची आतली वरची कड उतरती करतात, म्हणजे भार भिंतीवर येतो आणि तळव्याला स्पर्श होत नाही. टाचांना आधार हवा असेल तर नालेची दोन्ही टोके आडव्या पट्टीने जोडतात. फार दुखत असेल तर नाल आणि खूर यांमध्ये चामड्याचा तुकडा घालतात. खिळे कमी, आणि पुढच्या अर्ध्या भागातच. कारण पाऊल पडताना टाच किंचित फाकते, तिला खिळ्यांनी जखडले तर नवेच दुखणे उभे राहते. तुर्की आणि अरबी मुलखात तर जवळजवळ सारा तळवा झाकणारी, मध्ये भोक असलेली पत्र्यासारखी नाल रूढ होती. खडकाळ भूमीने शोधलेले ते उत्तर होते.

१६.
पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हा धागा वाचून कुणी घरच्या घोड्यावर प्रयोग करू नये. नाल हे औषध नव्हे. पू असेल तर तो वैद्यानेच बाहेर काढायला हवा. पापुद्र्यांचा दाह असेल तर मऊ अंथरूण, विश्रांती, आहारात बदल, पशुवैद्यकाचे उपचार आणि क्ष-किरण चित्र पाहून केलेली नालबंदी, हे सारे एकत्र लागते. आणि वेळ लागतो. खुराची पुढची भिंत वरून खालपर्यंत नवी यायला ९ ते १२ महिने जातात. ज्याला पुढच्या आठवड्यात वरात आहे, त्याला हा काळ परवडत नाही. घोड्याला मात्र त्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

१७.
आता दोन आक्षेप. पहिला: "दख्खनी तट्टे अनवाणीच चालत, नाल हवी कशाला?" भीमथडीसारख्या देशी वंशाचे खूर कणखर असतात हे खरे, मऊ जमिनीवर, हलक्या कामाला विनानाल घोडा उत्तम राहतो. पण भार, दगड आणि रोजची लांब मजल हे तिन्ही एकत्र आले की खूर वाढीपेक्षा वेगाने झिजतो. प्रत्येक घोड्याच्या चारही पायांना सदैव नाल होती, असा माझा दावा नाही. दर पंचवीस घोड्यांमागे पगारी नालबंद ठेवणाऱ्या राज्याला त्याची गरज भासत होती, इतकाच दावा आहे.

१८.
दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू मित्रांचा: "मराठी कागदपत्रांत 'नालबंदी' शब्द जागोजागी येतो; तो सारा नाल ठोकण्याचाच खर्च का?" नाही. येथे सावध राहिले पाहिजे. मोहिमेच्या आरंभी शिलेदारांना घोडा आणि सामान सिद्ध करण्यासाठी जी आगाऊ रक्कम मिळे, तिलाच नालबंदी म्हणत. त्यात नालेखेरीज बरेच काही येई. पण विचार करा, त्या साऱ्या तयारीला नाव कशाचे दिले? तलवारीचे नाही, खोगिराचे नाही. नालेचे दिले. भाषा कधी कधी इतिहासकारापेक्षा प्रामाणिक साक्ष देते.

१९.
एक तुलना करतो. १७६१ म्हटले की आपल्याला पानिपत आठवते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्लोद बुर्जला या अश्वतज्ज्ञाला ल्यों शहरात पशुवैद्यकाची शाळा काढण्याची परवानगी मिळाली. युरोपातील अशी ती पहिली शाळा. तिथे घोड्याच्या पायाचे ज्ञान वर्गात, आकृत्यांत आणि ग्रंथांत शिरले. आपल्याकडे ते नालबंदाच्या बोटांतच राहिले. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. आपल्या कारागिरांना कमी येत होते असे मुळीच नाही. त्यांचे ज्ञान लिहून घ्यावे असे लेखणी धरणाऱ्यांना वाटले नाही, हा दोष लेखणीचा आहे.

२०.
आणि ते ज्ञान आज आपल्या डोळ्यांदेखत संपत आहे. नालबंद हे आडनाव महाराष्ट्रात अजून आढळते, पण त्यांतले किती जण हातोडी धरतात? जे धरतात ते मुख्यतः बैलांना पत्री मारतात. बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळे एका पायाला दोन, म्हणजे चार पायांना आठ पत्र्या. शिवाय बैलाला दोराने आडवे पाडावे लागते. घोडा उभाच राहतो आणि विश्वासाने पाय हातात देतो. चाचांच्या मुलाने हा धंदा घेतला नाही. "पोट भरत नाही," इतकेच ते म्हणाले. मी उत्तर देऊ शकलो नाही.

२१.
आमच्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे डौल, रंग, उंची, चाल यांची चर्चा रंगते. या वर्षी तुम्ही गेलात तर एक करून पाहा: घोड्याच्या मानेकडे पाहण्याआधी खाली पाहा. खूर तडकला आहे का? नाल सैल आहे का? उभा असताना पाय बदलतो का? मालकाला आदराने विचारा, "दादा, नाल केव्हा बदलली?" ज्याचे घोड्यावर खरे प्रेम आहे तो या प्रश्नाने आनंदेल.

२२.
माझी मागणी मोठी नाही. मेळे, मिरवणुका आणि शिवजयंतीच्या शोभायात्रा यांच्या आयोजकांनी घोडे ठरवताना पशुवैद्यकाबरोबर एका जाणत्या नालबंदालाही बोलवावे, त्याला योग्य मानधन द्यावे, आणि त्याने नको म्हटलेला घोडा मिरवणुकीत उभा करू नये. तरुण मित्रांनी डांबरी रस्त्यावर घोडा दौडवून चित्रफिती काढणे थांबवावे. जी दौड आपण शौर्याचे प्रतीक म्हणून दाखवतो, ती त्या मुक्या जिवाच्या टाचांतून कळ उठवत असेल, तर तो छत्रपतींचा गौरव नव्हे. पावसाळ्यासाठी घोड्यांना दाणा, औषधे आणि शाकारलेली घरे आधीच सिद्ध ठेवणाऱ्या राजाचे नाव आपण घेतो आहोत.

२३.
आणि एक काम केवळ आपल्यासारख्या इतिहासप्रेमींचे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली. १९२६ साली त्यांनी धुळ्यातच देह ठेवला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे उभे आहे. त्यांनी कागद वाचवले. आपण हात वाचवू. आपल्या तालुक्यातल्या वृद्ध नालबंदाकडे जा. त्याची अवजारे, त्यांची नावे, त्याचे शब्द, पाय उचलण्याची त्याची पद्धत यांची नोंद करा, चित्रण करा. कोणत्याही बखरीत नसलेले हे साधन आहे, आणि ते जपून ठेवण्यासाठी आपल्यापाशी फार वर्षे नाहीत.

२४.
त्या वरातीचे शेवटी काय झाले? चाचा पुढे गेले, नवरदेवाच्या वडिलांच्या कानात दोन शब्द बोलले. नवरदेव खाली उतरला आणि उरलेली वाट पायी चालला. कुणी हसले, कुणी कुरकुरले. घोडीची पुढची डावी नाल काढल्यावर एक खिळा आत झुकलेला दिसला. तोच टोचत होता. तो काढला, जखम वैद्याला दाखवली, आणि काही आठवड्यांनी चामडे घालून रुंद नाल बसवली. तो वाकडा खिळा मी मागून घेतला. माझ्या टेबलावर सभासदाच्या बखरीशेजारी तो आता ठेवलेला असतो.

२५.
घोडदळाचा इतिहास वाचताना पंचवीस स्वार मोजून थांबू नका. सव्विसावा पखालजी मोजा आणि सत्ताविसावा नालबंद मोजा. तुमच्या गावात असा कुणी नालबंद असेल, तर त्यांच्या परवानगीने त्यांची माहिती आणि अवजारांची छायाचित्रे खाली अवश्य लिहा. पुढचा धागा पखालजीवर.
धाग्याची समाप्ती.